भुऱ्या गेल्यावर

आमच्या घरचं गेट पूर्ण उघडायचं नसतं. कडी काढायची, पल्ला फूटभर ढकलायचा, अंग आडवं करायचं आणि उजवा गुडघा पुढे करून आत शिरायचं. गुडघा आमच्या कुत्र्यासाठी, भुऱ्यासाठी. जरा फट दिसली की तो थेट रस्त्यावर धावायचा, पाण्याच्या टाकीजवळच्या लंगडी नावाच्या कुत्रीशी भांडायला. नऊ वर्षं घरातल्या प्रत्येकाने, दूधवाल्याने, कामाच्या मावशींनीसुद्धा नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या घरात असाच प्रवेश केला.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधीच्या आठवड्यातला मंगळवार होता. बँकेतून यायला सव्वासहा झाले. पाऊस नुकताच थांबला होता. मी कडी काढली, गुडघा पुढे केला आणि गुडघ्याला काहीच लागलं नाही.

तो पेरूच्या झाडाखाली आडवा पडला होता. हाक मारली तेव्हा शेपटी दोनदा जमिनीवर आपटली. उठला मात्र नाही. बाबा, म्हणजे माझे सासरे, पोर्चमध्येच बसले होते. "अर्ध्या तासापासून झोपून राहिला," ते म्हणाले. पावसाने गारवा आला की तो तिथेच झोपायचा, त्यामुळे त्यांना काही वाटलं नव्हतं. मी जवळ गेले तर पोट फुगलेलं, श्वास भराभर चाललेला. नवऱ्याला हाक मारली. आम्ही दोघांनी त्याला चादरीत घालून गाडीत ठेवलं. एकतीस किलोचं अंग, पण चादरीत अगदी सैल पडलं होतं, आणि मला तिथेच भीती वाटली. लेक मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

डॉक्टरांनी सगळ्यात आधी त्याचा ओठ वर केला. हिरड्या पिठासारख्या पांढऱ्या होत्या. त्यांनी हिरडीवर बोट दाबून सोडलं आणि वाट पाहिली. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते आणि दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. इथे परत यायला रंगच नव्हता. सोनोग्राफीत पोटात काळं तळं दिसत होतं. सुई घातली तर सिरिंजमध्ये रक्त आलं आणि ते गोठेना. पोटात रक्तस्राव होतोय, बहुधा प्लीहेवर गाठ होती, ती फुटली आहे, असं ते म्हणाले. आता रक्त चढवायचं आणि लगेच पोट उघडायचं, दुसरा रस्ता नाही. रक्तासाठी दुसरं कुत्रं लागेल, पंचवीस किलोच्या वरचं, तरुण आणि धडधाकट.

माझ्या मैत्रिणीकडे लॅब्रॅडॉर आहे. तिला फोन केला. तिने एकही प्रश्न विचारला नाही, "निघाले," एवढंच म्हणाली. नवऱ्याने संमतीपत्रावर सही केली. मी भुऱ्याच्या कानामागे हात फिरवत होते. तिथली केसं फार मऊ होती त्याची. कान गार पडत चालला होता. पावणेआठच्या सुमाराला त्याने एक लांब श्वास घेतला. मी पुढच्याची वाट पाहत राहिले.

पंधरा मिनिटांनी मैत्रीण पोचली. क्लिनिकच्या दारात ती आणि तिचा तो मोठा, पिवळसर, शेपूट हलवणारा कुत्रा. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. कुत्रा माझ्या ओढणीजवळ आला, बराच वेळ हुंगत राहिला आणि मग माझ्या पायाशी बसला. कुणाचं तरी रक्त द्यायला म्हणून घाईघाईत आणलेला तो जीव मला आजही दिसतो. त्या रात्री मी पहिल्यांदा रडले ती त्याच्या गळ्यात पडून.

मी भुऱ्याचे डोळे मिटायचा प्रयत्न करत होते. डॉक्टर हळूच म्हणाले, "ताई, कुत्र्यांचे डोळे नाही मिटत." मला हे माहीत नव्हतं. त्यांनीच सांगितलं की काही तासांत अंग ताठ होईल, त्याआधी त्याला झोपतो तसा ठेवून घ्या. मागच्या सीटवर मी त्याचे पाय दुमडले, नाक शेपटीपाशी आणलं. कूलरसमोर तो असाच गुंडाळून झोपायचा.

खड्डा अंगणातच खणायचं ठरलं. आमची बोअरवेल पुढच्या बाजूला आहे, म्हणून मागचा कोपरा निवडला. आमच्याकडे वर काळी माती आहे. भर पावसाळ्यात ती फावड्याला अशी चिकटते की प्रत्येक खेपेला हाताने काढावी लागते. दोन फुटांखाली मुरूम लागला आणि सब्बल ठणठणायला लागली. नवरा आणि शेजारच्या काकांचा मुलगा आळीपाळीने खणत होते, काका मोबाइलचा उजेड धरून उभे. चार फूट जायला साडेअकरा वाजले. एवढं खोल गेलं नाही तर मोकाट कुत्री उकरतात, असं काका म्हणाले. त्यांनी घरून खडे मीठ आणलं, ते खाली पसरलं.

लेकीला हे दाखवायचं की नाही यावर नवरा अडला होता. ती अकरा वर्षांची आहे. बाबा म्हणाले, "पाहू दे तिला. नाही पाहिलं तर शोधत राहील." ती आली. तिचा एक निळा मोजा भुऱ्याने पळवून स्वतःचा करून टाकला होता, तो तिने त्याच्या पंजाजवळ ठेवला आणि माती लोटायला स्वतः बसली. वर आम्ही धुण्याचा जुना दगड सरकवला.

त्या रात्री झोप येणं शक्यच नव्हतं. दोनच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात गेले तर बाबा, नवरा आणि लेक तिघंही तिथेच. मी चहा ठेवला. लेक म्हणाली, "आई, तो रविवारी दिवाणावर चढला नाही. पुढचे पाय वर ठेवले आणि परत खाली बसला." थोड्या वेळाने नवरा म्हणाला की मागच्या गुरुवारी फिरायला नेलं तेव्हा तो अर्ध्या रस्त्यात बसला होता. त्याला वाटलं, उकाड्याने. मला आठवलं की शुक्रवारी पाण्याचं भांडं मी तीनदा भरलं होतं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बुधवारी पोळी टाकली त्याने. तूप लावलेली. अर्धी खाल्ली आणि अर्धी टाकली."

चौघांकडे एकेक तुकडा होता आणि तो कुणी कुणाला सांगितला नव्हता. प्रत्येक वेळी तो दुसऱ्या दिवशी ठणठणीत दिसायचा, त्यामुळे सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. पुढचे कितीतरी दिवस मी त्या चार गोष्टी मनात एकमेकींना जोडत बसले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, रविवार. शुक्रवारी मी नुसतं म्हटलं असतं, "आज फार पाणी पितोय," तर कदाचित कुणीतरी म्हटलं असतं, "अगं, आणि पोळीही टाकली." रात्री मी मोबाइलवर वाचायचे. हिरड्यांबद्दल, प्लीहेबद्दल, नाडीबद्दल. एकदा तर झोपलेल्या लेकीचा ओठ वर करून मी तिच्या हिरड्यांचा रंग पाहिला. ती जागी झाली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता माझ्या कुशीत सरकली.

दहाव्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला. हिशेबाचे पैसे द्यायचे राहिले होते, ते निमित्त. खरं तर मला त्या चार गोष्टी कुणासमोर तरी मांडायच्या होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, शवविच्छेदन न करता खात्रीने सांगता येत नाही, पण मोठ्या जातीच्या, वयस्क कुत्र्यात असं झालं की सगळ्यात आधी मनात येतो तो हिमँजिओसार्कोमा. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उगवणारा कॅन्सर. भुऱ्या अर्धा जर्मन शेफर्ड होता, अर्धा आमच्या गल्लीतला, आणि जर्मन शेफर्डमध्ये तो जास्त दिसतो. गाठ आतल्या आत थोडीशी झिरपते, कुत्रं एखादा दिवस मलूल होतं, मग शरीर ते रक्त परत शोषून घेतं आणि कुत्रं पुन्हा उभं राहतं. तुम्ही जे पाहिलं ते हेच असणार, ते म्हणाले.

"म्हणजे आणलं असतं तर?" मी विचारलं.

त्यांनी उत्तर टाळलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. म्हणाले, बुधवारी आणलं असतं आणि सोनोग्राफी केली असती तर गाठ दिसली असती. पण पोळी टाकली म्हणून कुणी सोनोग्राफी करत नाही, मीही केली नसती. आणि दिसली असती तरी प्लीहा काढल्यावर ही कुत्री साधारण एक ते तीन महिने जगतात, केमोथेरपी दिली तर बहुतेक सहा महिन्यांच्या आत जातात. "तुम्हाला दोन-तीन महिने मिळाले असते. त्यातले बरेचसे त्याचे दवाखान्यात गेले असते."

फोन ठेवल्यावर हलकं वाटलं का? पूर्ण नाही. ते दोन-तीन महिनेसुद्धा मला हवे होते. पण जोडण्याचा तो खेळ त्या दिवसापासून हळूहळू थांबला, हे खरं.

आपल्याकडे माणूस गेलं की काय करायचं ते ठरलेलं आहे. दहा दिवस, तेरा दिवस, कोण कधी येणार, काय शिजणार नाही, सगळं. लोक येतात, दारातूनच परततात, "चहा नको" म्हणतात. कुत्रं गेल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला डबा घेऊन बाहेर पडावं लागतं. मी एक दिवसाची रजा टाकली आणि कारणात "कौटुंबिक" लिहिलं. परत गेल्यावर टेबलासमोरच्या सहकारी बाईंनी विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "घरचं." नंतर त्यांना कळलं तेव्हा त्या जरा दुखावल्या, की मी उगाच त्यांना घाबरवलं. दुसरं कुणीतरी म्हणालं, "कुत्रंच त होतं ना, दुसरं पिल्लू आणा, लेकराचं मन रमेल." वाईट हेतूने नव्हतं म्हटलेलं. पण मी त्या दिवशी डबा न खाता परत आणला.

कामाच्या मावशी मात्र बुधवारी सकाळी गेट उघडून आत आल्या, दगडाकडे पाहिलं आणि पायरीवरच बसल्या. "घरातलं लेकरू गेलं न वं ताई," म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. नंतर केर काढताना त्यांनी दिवाणाखालचा कोपरा सोडला. तिथे त्याची केसं जमायची. पुढचे पंधरा दिवस त्यांनी तो सोडला आणि मी त्यांना एकदाही सांगितलं नाही.

बाबांचं वेगळंच झालं. रोज पहाटे साडेपाचला ते भुऱ्याला घेऊन एनआयटीच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या, बागेकडे जायचे. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा पाचलाच. कुत्र्यांना आपल्यासारखा घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्यांचा कूलर, हे त्यांना सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात लशी द्यायला नेलं तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून उन्हाळ्यात फिरून परतताना ते डांबरावर हाताची पालथी बाजू ठेवून पाहायचे. चटका बसला तर कडेच्या मातीतून चालायचे. तो गेल्यावर आठ दिवस ते बाहेरच पडले नाहीत. नवव्या दिवशी गेले आणि वीस मिनिटांत परत आले. चहावाला, मॉर्निंग वॉकचे मित्र, फुलं तोडणाऱ्या आजी, प्रत्येकाचा एकच प्रश्न: "भुऱ्या नाही आला आज?" बाबा म्हणाले, "सात जणांना सांगितलं. आठव्याला म्हटलं, घरी आहे." मग त्यांनी रस्ताच बदलला. तीन आठवडे ते उलट्या दिशेला, जिथे कुणी ओळखत नाही अशा लेनमधून फिरायचे. ब्लडप्रेशरची गोळी घेताना मात्र मला बजावायचे की चालणं सोडलेलं नाही.

पोळा तर लगेचच आला. ताना पोळ्याला गल्लीतली लेकरं लाकडी बैल सजवून आणतात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळतात. आमची लेक लहान असताना लाकडी बैल न नेता भुऱ्यालाच न्यायची. सासूबाईंनी त्याच्यासाठी जुन्या खणाची झूल शिवली होती. भुऱ्या त्यांनीच वाढवलेला. पिल्लू होता तेव्हा ड्रॉपरने दूध पाजायच्या, नावही त्यांचंच. त्या चार वर्षांपूर्वी गेल्या. लेकीने ती झूल कपाटातून काढली, घडी मोडली, पुन्हा घातली आणि परत ठेवली. त्याच दिवशी तिकडे इतवारीत मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली असेल, "घेऊन जा गे मारबत" चा गजर असेल. दरवर्षी टीव्हीवर ते ढोल लागले की भुऱ्या पलंगाखाली जायचा. आम्ही टीव्ही लावलाच नाही.

भाद्रपदात अविधवा नवमीला सासूबाईंचं असतं. बाबा अजून सगळं स्वतः करतात. खीर, वडे, अळूची भाजी, कढी, आणि जेवणाआधी बाजूला काढलेले घास: गाईचा, कावळ्याचा, कुत्र्याचा. कावळ्याची वाट पाहावी लागायची, कधी तासभर. भुऱ्याची कधीच लागली नाही. तो पान दिसलं की पोर्चच्या दुसऱ्या पायरीवर येऊन बसायचा, कुणी न शिकवता.

या वेळी बाबांनी तिन्ही घास काढले. मी पाहत होते. लेकीने विचारलं, "आजोबा, हा कुणाला?" बाबांनी पान उचललं आणि मागच्या कोपऱ्याकडे निघाले, म्हणून मला वाटलं की दगडावर ठेवणार. तिथे ते क्षणभर थांबले, वळले आणि गेटबाहेर गेले. टाकीजवळ लंगडी बसलेली होती. नऊ वर्षं जिच्याशी भुऱ्याचं जाळीतून भांडण चाललं, ती. बाबांनी पान तिच्यासमोर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरून हात जोडले. परत आल्यावर मला म्हणाले, "कुत्र्याचं सुतक सांगितलेलं नाही आपल्यात. पण घास सांगितलेला आहे."

त्या दिवसानंतर ते पुन्हा जुन्या रस्त्याने फिरायला जाऊ लागले. चहावाल्याला त्यांनी स्वतःहून सांगितलं, असं नंतर मला त्या चहावाल्याकडूनच कळलं. त्याने बाबांकडून त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत. भुऱ्यासाठी तो रोज एक पार्ले-जी वेगळं ठेवायचा, हेही तेव्हाच कळलं. आम्हाला नऊ वर्षांत पत्ता नव्हता.

अशा गोष्टी कळत राहिल्या. कचरागाडीवरच्या दादांनी सांगितलं की तो त्यांच्या गाडीचं गाणं ओळखायचा आणि आधीच जाळीशी उभा असायचा. लेकीने एका रात्री सांगितलं की गणितात नापास झाली होती तो पेपर तिने पहिल्यांदा त्याला दाखवला होता. मी त्याला काय काय सांगायचे ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

त्याचं अर्धं उरलेलं खाण्याचं पोतं आम्ही टाकीजवळच्या कुत्र्यांना घालणाऱ्या ताईंना दिलं. गोचिडांच्या गोळ्या डॉक्टरांना परत केल्या. पट्टा खुंटीवरच आहे. ऑक्टोबरच्या शेवटी कूलर धुऊन झाकायला काढला, तेव्हा वाळ्याच्या ताट्यांना आतून बाहेरून त्याची भुरी केसं चिकटलेली होती. नवरा ताट्या अंगणात घेऊन बसला आणि केसं एकेक करून काढू लागला. मी म्हटलं, नवीन ताट्या आणू, टाकून दे. तो म्हणाला, "होऊन जाईल." तीन तास बसला होता. काढलेली केसं त्याने मागच्या कोपऱ्यात, दगडाच्या कडेने मातीत घातली. तिथे लेकीने झेंडू लावला आहे.

दिवाळीच्या आठवड्यात गॅसचा सिलिंडर आला. आणणारा मुलगा नवा नव्हता, पण बऱ्याच दिवसांनी आला होता. खांद्यावर सिलिंडर असल्याने त्याने पायाने ढकलून गेट सताड उघडलं. मी स्वयंपाकघरात होते, बाबा पोर्चमध्ये, लेक वरच्या गॅलरीत. तिघांच्या तोंडून एकदमच निघालं, "गेट! गेट लाव!"

मग कुणीच काही बोललं नाही. मुलाने अंगणात इकडेतिकडे पाहिलं, पेरूखाली पाहिलं, बाबांकडे पाहिलं. सिलिंडर खाली ठेवला, मागे वळून गेट लावलं, कडी घातली, आणि मग सिलिंडर पुन्हा खांद्यावर घेऊन आत आला.